एजन्सी की स्टुडिओ? अप्लाइडवाल्यांसाठी

अप्लाइड आर्टच्या शेवटच्या वर्षातली मुलं पोर्टफोलिओ दाखवायला येतात, तेव्हा निघताना एक प्रश्न हमखास विचारतात: मुंबईतली मोठी जाहिरात एजन्सी धरू, की छोटा डिझाइन स्टुडिओ? मी आधी एजन्सीत होतो, आता पुण्यात स्टुडिओत आहे. माझा कल कुठे आहे ते त्यावरून कळेलच. तरी एजन्सीचं जे देणं आहे ते आधी सांगतो.

एजन्सी विचार करायला लावते. तिथे आर्टवाल्याची कॉपीवाल्याशी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर लिहिणाऱ्याशी, जोडी लावतात. न्यूयॉर्कच्या डीडीबी या एजन्सीत बिल बर्नबाक यांनी रुळवलेली ही पद्धत आजही टिकून आहे. माझा जोडीदार फाँटबद्दल चकार शब्द काढायचा नाही. "ते ठीक आहे, पण सांगायचंय काय?" एवढंच विचारायचा, की माझी निम्मी सजावट तिथेच गळायची. स्टुडिओत असा माणूस शेजारी बसेलच याची खात्री नाही. शिवाय फिल्म, मोठं शूट, नावाजलेला ब्रँड, बायोडेटात शोभणारी कॅम्पेन हे सगळं एजन्सीकडेच. पगारही सहसा बरा, आणि वेळेवर. स्टुडिओत क्लायंटचा चेक अडकला की आपलाही अडकतो. जागरणं दोन्हीकडे आहेत, त्यावर वेळ घालवू नका.

मग मी एजन्सी का सोडली? मराठी अडॅप्टमुळे, म्हणजे तयार इंग्रजी-हिंदी जाहिरात मराठीत उतरवण्याच्या कामामुळे.

मास्टर ले-आउट इंग्रजीत किंवा हिंदीत होतो, क्लायंट त्यावर मान डोलावतो आणि ले-आउट 'लॉक' होतो. मराठी ओळ येते रिलीजच्या आदल्या रात्री, वर्ड फाइलमध्ये. इंग्रजीसाठी आवळलेल्या ओळींच्या अंतरात आपल्या वेलांट्या आणि उकार बसवायचे. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. अंतर वाढवावं तर ओळ पॅकशॉटवर, म्हणजे मालाच्या पाकिटाच्या फोटोवर, चढते, आणि पॅकशॉट हलवायला परवानगी नाही. इनडिझाइन या ले-आउटच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर हे देवनागरी नीट जुळवणारं सेटिंग लावायचं कोणी विसरलं की जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. आणि हे सगळं निस्तरलं तरी 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचेच राहतात, कारण फाँट हिंदीसाठी निवडलेला. मी एकदा ते बदलू या म्हटलं, तर सर्व्हिसिंगकडून, म्हणजे क्लायंट सांभाळणाऱ्यांकडून, उत्तर आलं, "कोणाला कळतंय?" दादरच्या होर्डिंगखाली उभं राहणाऱ्या प्रत्येकाला कळतं, असं माझं मत. पण रात्री दीड वाजता मताला किंमत नसते.

स्टुडिओत गोष्ट उलट्या टोकाने सुरू होते. मसाल्याचं पाकीट असो, नाटकाची जाहिरात असो की दुकानाची पाटी, देवनागरी आधी आखली जाते, इंग्रजी तिच्या मापाने बसते. 2022 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, तेव्हापासून अशी कामं आमच्याकडे वाढली. बरीचशी रटाळ असतात, हेही खरं. पण क्लायंट समोर बसलेला असतो. 'हा र इथे का वळवला?' असं त्याने विचारलं तर उत्तर मीच देतो.

एजन्सीत अक्षराला वावच नाही, असं मात्र कोणी समजू नये. अक्षररचनाकार र. कृ. जोशी उल्का या एजन्सीत आर्ट डायरेक्टर होते, पुढे मुंबई आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवायला गेले. विंडोजमधला मंगल हा देवनागरी फाँट त्यांचाच. त्यांच्यासारखा चिवटपणा माझ्यात नव्हता, एवढंच म्हणेन.

ज्याला फिल्मच्या स्क्रिप्टमध्ये रस आहे, गोष्ट सांगण्यात मजा येते, त्याने निःशंक एजन्सीत जावं. ज्याच्या वहीत कॉलेजच्या असाइनमेंटपेक्षा अक्षरांचे नमुनेच जास्त आहेत, त्याने स्टुडिओ आधी बघावा असं मला वाटतं. आणि मुलाखत कुठेही असली तरी पगाराचा आकडा विचारण्याआधी मराठी ले-आउट कधी करता आणि तो कोण करतो, हे विचारा. 'आमच्या आतल्या प्रॉडक्शन स्टुडिओतला मुलगा करतो, शेवटी' असं कोणी म्हणालं, तर तो मुलगा बहुधा तुम्हीच असाल.