मालिकेआधीची पाटी, मालिकेनंतरची चर्चा : ओटीटी सेवांच्या एका दुर्लक्षित सुविधेचे परीक्षण

ओटीटी सेवांविषयी लिहिताना चित्राचा दर्जा, मालिकांचा साठा आणि वर्गणी यांचीच चर्चा होते. पण या सेवा मालिकेसोबत आणखी एक गोष्ट पुरवतात, ती म्हणजे पाहिलेल्याचा अर्थ कसा लावावा याचे मार्गदर्शन. भाग सुरू होताच पडद्याच्या कोपऱ्यात काही सेकंद दिसणारी वयोगटाची नोंद, नाजूक विषय असल्यास आधी येणारे निवेदन, शेवटी मदतीसाठी कुठे संपर्क साधावा हे सांगणारी पाटी आणि कुठेतरी आत ठेवलेली लेखक-दिग्दर्शकांची चर्चा, या साऱ्यांचा त्यात समावेश होतो. प्रेक्षकाने मालिकेचा भलताच अर्थ काढू नये, हा यामागचा हेतू दिसतो. तो कितपत साधतो, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

कोपऱ्यातील नोंदीविषयी फारशी तक्रार नाही. 'हिंसा', 'शिवराळ भाषा', 'अमली पदार्थ' हे शब्द आत काय आहे ते सांगतात आणि घरात लहान मुले असतील तर तेवढे पुरते. मात्र मालिका त्या हिंसेकडे कोणत्या नजरेने पाहते, हे त्या शब्दात कुठेच नसते. मारहाणीची किळस यावी म्हणून लिहिलेली मालिका आणि मारहाणीवरच पोसलेली मालिका, दोन्हींच्या कपाळी तोच एक शब्द लागतो. ही नोंद माहितीची आहे, अर्थाची नव्हे, आणि ती तसा दावाही करत नाही.

निवेदनाचे तसे नाही. ते थेट हेतू सांगते, आणि हा मार्ग नवा नाही. अमेरिकेत 1971 च्या जानेवारीत सीबीएस वाहिनीवर 'ऑल इन द फॅमिली' ही विनोदी मालिका सुरू झाली, तेव्हा पहिल्या भागाआधी वाहिनीने एक निवेदन दाखवले होते. आपल्यातील दोष आणि पूर्वग्रह यांवर विनोदाचा प्रकाश टाकून ते किती हास्यास्पद आहेत हे दाखवण्याचा आमचा प्रयत्न आहे, असा त्याचा आशय होता. मालिकेचा नायक आर्ची बंकर हा वंश, धर्म आणि स्त्रिया यांविषयी बेधडक वाटेल ते बोलणारा गृहस्थ. त्याच्याशी वाद घालायला उदारमतवादी जावई माइक घरातच होता. हेतू इतक्या स्पष्टपणे क्वचितच कोणी सांगितला असेल. तरीही नील विडमार आणि मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील किशोरवयीन आणि कॅनडातील प्रौढ प्रेक्षकांचा अभ्यास करून 1974 मध्ये जे निष्कर्ष मांडले, ते निवेदन लिहिणाऱ्यांची झोप उडवणारे होते. मालिका बहुतेकांना विनोदी वाटली होती. पण ज्यांच्या मनात पूर्वग्रह अधिक होते, त्यांना आर्चीच अधिक पटत होता आणि वादात तोच जिंकतो असे वाटत होते. त्यांच्या लेखी थट्टा माइकची चालली होती.

ही केवळ अडाणीपणाची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. आर्ची विनोदाच्या केंद्रस्थानी आहे, खटकेबाज वाक्ये त्याच्या तोंडी आहेत, घर त्याचे, खुर्ची त्याची. कथेने ज्याच्या शेजारी आपल्याला बसवले त्याच्या बाजूने पाहण्याची सवय प्रेक्षकाला कथेनेच लावलेली असते, आणि ती सवय सुरुवातीच्या दोन-तीन वाक्यांनी मोडत नाही. उपहासात तर दुहेरी अडचण असते, कारण ज्या मताची टिंगल करायची ते मत आधी मोठ्या आवाजात बोलून दाखवावे लागते. ज्याला ते मत मान्यच आहे, त्याच्यासाठी टिंगल तेवढी गळून पडते आणि मत शिल्लक राहते. पुराणमतवादी निवेदकाचे सोंग घेऊन त्याच मतांची टिंगल करणारे अमेरिकी विनोदकार स्टीफन कोल्बेर यांच्या राजकीय उपहासाच्या कार्यक्रमाबाबत 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच दिसले. तो विनोदी आहे हे सर्वांना मान्य होते. मात्र पुराणमतवादी प्रेक्षकांपैकी अनेकांना हा माणूस गंमत करत असल्याचे फक्त भासवतो आणि मनापासूनच बोलतो, असे वाटत होते.

निवेदन आधी चालत नसेल, तर नंतर चालेल का? याचे उत्तर शोधण्यासाठी दूरदर्शनच्या 'हम लोग'इतके चांगले उदाहरण दुसरे नाही. 1984 आणि 1985 या वर्षांत 156 भाग चाललेली ही मालिका स्त्रियांचे स्थान आणि कुटुंबनियोजन यांविषयीचे विचार कथेतून पोहोचवण्याच्या स्पष्ट हेतूने आखली गेली होती. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार पडद्यावर येऊन घडलेल्या प्रसंगाचे तात्पर्य थोडक्यात सांगत. म्हणजे आजच्या सेवा जी चर्चा 'अतिरिक्त' विभागात ढकलतात, ती तेव्हा भागाचाच हिस्सा होती आणि ती करणारा माणूस घरातल्या वडीलधाऱ्यासारखा आदराचा होता. मालिकेतील आई भागवंती सोशिक, स्वतःला विसरून सगळ्यांचे करणारी. असे मुकाट सहन केल्याने बाईच्या वाट्याला काय येते, हे तिच्यावरून कळावे असा लेखनाचा कल होता. मालिकेच्या प्रभावाचा अभ्यास करणाऱ्या अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांना मात्र अनेक प्रेक्षक तिलाच आदर्श मानताना आढळले, आणि त्यात स्त्रियाही होत्या. जिची कणव यावी म्हणून ती रेखाटली, तिचीच आरती ओवाळली गेली. अशोक कुमारांना जे साधले नाही ते शेवटच्या काळ्या पाटीवरील दोन ओळींना साधेल, अशी अपेक्षा ठेवणे जरा भाबडेपणाचे आहे.

कार्यक्रमाचा प्रकारच ओळखण्यात चूक झाली तर पाटीचा उपयोग आणखी कमी होतो. बीबीसीने 31 ऑक्टोबर 1992 रोजी 'घोस्टवॉच' हे नाट्य दाखवले. ते काल्पनिक असल्याच्या खुणा श्रेयनामावलीत होत्या, पण पडद्यावर मायकल पार्किन्सन यांच्यासारखे खरे निवेदक स्वतःच्याच नावाने बसलेले होते आणि एका घरातील भुताटकीचे थेट प्रक्षेपण चालल्याचा देखावा होता. अनेकांनी ते खरे मानले. ओळखीच्या चेहऱ्याने नामावलीवर मात केली.

आजच्या सेवांनाही हे कळलेले दिसते. नेटफ्लिक्सच्या '13 रीझन्स व्हाय' या मालिकेत एका किशोरवयीन मुलीच्या आत्महत्येची कथा आहे. 2017 मध्ये ती आल्यावर टीका झाली, तेव्हा सूचना वाढवण्यात आल्या. पुढच्या वर्षी कलाकारांनी स्वतः प्रेक्षकांशी बोलणारी चित्रफीत सुरुवातीला जोडली गेली. आणि 2019 च्या जुलैमध्ये अखेर आत्महत्येचे दृश्यच पहिल्या सीझनमधून काढून टाकण्यात आले. प्रत्येक पायरीवर पाटी मोठी होत गेली आणि शेवटी हात कथेलाच लावावा लागला, हा क्रम पुरेसा बोलका आहे.

या सुविधेतील खरा मोलाचा भाग म्हणजे भागानंतरची चर्चा, आणि तीच सर्वांत वाईट जागी ठेवलेली आहे. 'ब्रेकिंग बॅड' ही अमली पदार्थांच्या धंद्यात शिरलेल्या वॉल्टर या शिक्षकाची अमेरिकी मालिका. तिच्या चौथ्या सीझनमध्ये त्याची बायको स्कायलर त्याला सांगते की तू संकटात आहेस, आपण पोलिसांकडे जाऊ. वॉल्टर उसळून उत्तर देतो की संकट माझ्यावर नाही, संकट मीच आहे, दार ठोठावणारा मीच. हा संवाद टी-शर्टांवर छापला गेला आणि त्याची चित्रफीत पराक्रमाची म्हणून फिरत राहिली. मूळ भागात मात्र हे वाक्य एका भेदरलेल्या बायकोला, झोपायच्या खोलीत ऐकवले जाते आणि त्याच भागात ती तान्ह्या मुलीला घेऊन घराबाहेर पडते. फिरणारी चित्रफीत तिच्या चेहऱ्यापाशी रेंगाळत नाही आणि तिच्या बाहेर पडण्यापर्यंत तर पोहोचतच नाही. स्कायलरविषयीचा राग इतका वाढला की तिची भूमिका करणाऱ्या ॲना गन यांना 2013 मध्ये वृत्तपत्रात लेख लिहून त्यावर बोलावे लागले. अशा प्रसंगानंतर पाच मिनिटे कोणी दृश्याची बांधणी उलगडून दाखवली, तर ती ऐकण्याजोगी असतात. पण बहुतेक सेवांवर भाग संपता संपता नामावली आक्रसून कोपऱ्यात जाते आणि पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची उलटी मोजणी लागते. एका हाताने समजूत घालायची आणि दुसऱ्या हाताने विचाराला लागणारा वेळ काढून घ्यायचा, असा हा कारभार आहे.

एक आक्षेप रास्त आहे: निर्मात्याचा अर्थ तोच खरा, हे ठरवले कोणी? माध्यमांचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी 1973 मध्येच मांडले होते की प्रेक्षक अभिप्रेत अर्थ जसाच्या तसा घेऊ शकतो, त्यात आपल्यापुरती तडजोड करू शकतो किंवा तो ओळखूनही नाकारू शकतो. 'डॅलस' ही अमेरिकी मालिका निरनिराळ्या समाजगटांना दाखवून तमार लीब्स आणि एलिहू कात्झ यांनी अभ्यास केला, तेव्हा कोणी ती नात्यांची सरळ कथा म्हणून सांगितली, तर सोव्हिएत संघातून इस्राएलमध्ये आलेल्या प्रेक्षकांनी निर्माते आपल्याला काय पटवू पाहत आहेत यावर बोट ठेवले. हे गैरसमज नव्हेत, हे जाणते वाचन आहे. पडद्यावर काय घडले तेच न पाहता काढलेला अर्थ वेगळा आणि सारे पाहून घेतलेला विरोधी अर्थ वेगळा. सध्याच्या पाट्या दोघांनाही एकाच सुरात उपदेश करतात आणि त्यामुळे दुसऱ्या प्रकारचा प्रेक्षक वैतागतो.

एकूण सुविधेला पाचपैकी दोन गुण देता येतील, आणि तेही कोपऱ्यातील नोंद व मदतीचे संपर्क यांच्यासाठी. संकटातील माणसाला त्या संपर्काचा उपयोग होऊ शकतो, म्हणून ती पाटी राहायलाच हवी. हेतू सांगणारी निवेदने गाळली तरी फार बिघडणार नाही. चर्चा मात्र भागाच्या लगेच पुढे हवी, तिची उपशीर्षके मूळ मालिकेइतक्याच भाषांत हवीत आणि तिच्यात निर्मात्यासोबत त्याच्याशी असहमत असणाराही एखादा बसलेला हवा. तोवर ज्यांना एखादी मालिका नीट पाहायची आहे त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करावी. काही सेवांवर ती प्रत्येक प्रोफाइलसाठी वेगळी बंद करावी लागते.