महागाई कॅल्क्युलेटर ॲप: ५ पैकी २ स्टार, जुन्या पगाराचे हिशोब यावर करू नका

नाव मुद्दाम देत नाहीये, प्लेस्टोरवर अशी ढीगभर ॲप पडलीत. 'तेव्हाचे इतके रुपये म्हणजे आजचे किती' एवढंच सांगणारं फुकटचं ॲप. लॉगिन मागत नाही, अक्षरं मोठी, म्हणून मी हौसेने बाबांना दाखवायला नेलं. बाबा १९८२ ला क्लार्क म्हणून लागले, पहिला पगार ६५० रुपये, हा आकडा आमच्याकडे दर दिवाळीला फराळासोबत निघतोच. ६५० टाकले, १९८२ ते २०२४ केलं, उत्तर आलं साडेसात हजार.

बाबा म्हणाले, "हॅट्, मी आणि दोन काका एका खोलीत राहायचो, भाडं, खानावळ सगळं त्यात, वर तुझ्या आजीला मनीऑर्डर जायची. साडेसात हजारात होईल का आज?" आणि लाईट बिलाच्या पाठीवर मांडायलाच बसले. युनियनवाला माणूस, महागाई भत्त्यापायी सिमल्याच्या लेबर ब्युरोचा कामगारांच्या महागाईचा इंडेक्स बघण्यात अर्धा जन्म गेलाय. जुनी सिरीज १९८२ = १०० ची, म्हणजे १९८२ चे भाव १०० धरून, तिथून २००१ च्या सिरीजला यायला ४.६३ चा लिंकिंग फॅक्टर, म्हणजे जुन्या-नव्या सिरीजला जोडणारा गुणक, तिथून २०१६ च्या सिरीजला २.८८, आणि डिसेंबर २०२४ चा इंडेक्स १४३.७, म्हणजे २०१६ च्या १.४३७ पट. गुणाकार केला तर १९ पट. म्हणजे ६५० चे जवळपास साडेबारा हजार, ॲपने पाच हजार खाल्ले की!

मग सेटिंगमध्ये उकरलं तर काय, सगळ्या वर्षांना सरसकट ६ टक्के महागाई लावलीये. अरे मग वर्ष विचारता कशाला? १९७४ ला महागाई २८ टक्क्यांच्या वर होती, आधी ७२ चा दुष्काळ, मग तेल भडकलं, मृणालताई गोरेंच्या लाटणं मोर्चाच्या गोष्टी आई सांगते त्या याच काळातल्या. आणि १९७६ ला उलटंच, भाव साडेसात टक्क्यांनी उतरले. ९१ ला परत १४ च्या आसपास. यातलं ग्राफवर काही म्हणजे काही नाही, नुसती गुळगुळीत रेघ वर गेलीये.

पुढच्या वर्षांचा अंदाज काढायला ६ टक्के एकवेळ चालेल, रिझर्व्ह बँकेचंच महागाईचं टार्गेट ४ टक्के, वरखाली २, त्यामुळे त्या टॅबला मी नावं ठेवणार नाही. बाकी किरकोळ म्हणजे लाखाला स्वल्पविराम अमेरिकन पद्धतीने देतं आणि दर तिसऱ्या क्लिकला रमीची जाहिरात.

तसं साडेबारा हजार तरी खरे कुठे, तेवढ्यात आज डोंबिवलीत तिघांचं भाडं आणि जेवण बसवून दाखवा. इंडेक्स सगळ्या देशातल्या कामगारांचा सरासरी असतो, आपल्या घरमालकाला तो माहीत नसतो. हे मी बाबांना म्हटलं तर ते म्हणाले, "म्हणूनच तर आम्ही संप करायचो."

ॲप काढून टाकलं. लाईट बिल फ्रीजला चिकटवलंय, भरायचं मात्र राहिलंय.