म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे: शेक की फेरफटका?

नाशिकला थंडी पडली, निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या आल्या, की म्हातारी कुत्री सकाळी उठताना अडखळतात. मागचे पाय थरथरतात, फरशीवर घसरतात. अशा वेळी बहुतेक जण आधी शेक देतात. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल आधी आपल्या मनगटावर लावून बघायचा, मग दुखऱ्या सांध्यावर 10-15 मिनिटं ठेवायचा. आखडलेले स्नायू सैल होतात, कुत्रं डोळे मिटून निवांत पडतं. आराम लगेच मिळतो, पण तेवढ्यापुरताच. सांधा सुजून गरम लागत असेल तर शेक नकोच.

फेरफटक्याचा गुण हळूहळू येतो, पण टिकतो. स्नायूंत ताकद राहिली की सांध्यांना आधार मिळतो, वजनही आटोक्यात राहतं. ऊन आल्यावर, सपाट वाटेवर, रोज थोडं थोडं चालवा. आठवडाभर घरात आणि रविवारी गोदाकाठी लांबलचक रपेट, हे मात्र त्याच्या सांध्यांना सोसत नाही.

एकच निवडायचं तर मी चालणंच निवडेन. आधी शेक दिला तर पाऊल सहज पडतं. आणि कळवळून आपल्या दुखण्यावरच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नका: आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, किडनी निकामी होऊ शकते. औषध पशुवैद्यांना विचारूनच.