सुईच्या आधी ‘नाही’ म्हणणारा दवाखाना

माझी कोल्हापुरात शुक्रवार पेठेत पिठाची गिरण आहे. गिरणीत उंदीर, म्हणून मांजर होतं; ते गेलं आणि नातवंडांच्या हट्टापायी कुत्रं आलं. भिंगरी, गावठी, मेव्हण्याच्या कागलच्या शेतावरची. हा अभिप्राय राजारामपुरीतल्या ह्या जनावरांच्या दवाखान्याबद्दल. तिथं पाच चकरा झाल्यात, तेव्हा बोलायचा हक्क आहे.

आधी माझी चूक सांगतो. गेल्या वर्षी आणलेलं पिल्लू पार्वोनं, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या विषाणूच्या हगवणीनं गेलं. लसीची एक सुई दिली होती, मला वाटलं झालं काम. सकाळी उलटी, संध्याकाळी रक्ताची घाण वासाची हगवण, तिसऱ्या दिवशी संपलं. मग मी अख्ख्या अंगणात फिनेल ओतलं.

ह्या वेळी ५० दिवसांच्या भिंगरीला घेऊन गेलो, म्हटलं, “मॅडम, सगळ्या सुया आजच देऊन टाका.” डॉक्टर मॅडमनी आधी वजन केलं, २ किलो ८०० ग्रॅम. ताप पाहिला, हिरड्या पाहिल्या आणि म्हणाल्या, “मामा, आज सुई नाही. हिचं पोट बिघडलंय. उद्या सकाळची शी आणा.” मी जरा चिडलोच. राजारामपुरीत गाडी लावायला जागा मिळत नाही, वीस मिनिटं घिरट्या घालून आलेलो. पण दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी निघाली, आणि मॅडमनी मला बोलावून दाखवलीसुद्धा. हे जंत पिल्लाला आईच्या पोटातूनच येतात, दुधातूनही येतात. म्हणजे पिल्लू कितीही स्वच्छ ठेवा, औषध लागतंच. वजनावर डोस दिला, तीन महिन्यांची होईपर्यंत दर १५ दिवसांनी, पुढं सहा महिन्यांची होईपर्यंत महिन्याला. नातवंडांना हात धुवायची सक्ती झाली ती वेगळी, कारण हे जंत पोरांनाही बाधतात.

सुई आठवड्यानं दिली. एकाच सुईवर का भागत नाही, हे मला पहिल्यांदा इथं कळलं. आईच्या चिकातून पिल्लाला जी ताकद मिळते, तीच लसीला काम करू देत नाही. ती ताकद कुठल्या पिल्लाची कधी उतरेल, सांगता येत नाही. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी सुई, १६ आठवड्यांची होईपर्यंत. तीन महिने झाल्यावर रेबीजची, आणि मग दरवर्षी. गेल्या वर्षी हे कुणी एवढं समजावलं असतं तर... असो.

अंगणाचं विचारलं तर म्हणाल्या, फिनेलनं पार्वो मरत नाही. सावलीतल्या मातीत तो वर्षभरही तग धरतो. फरशी आधी घासून धुवायची, मग एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, दहा मिनिटं ठेवून पुन्हा धुवायची. मातीवर ब्लीचचा भरवसा नाही, म्हणून भिंगरीला अंगणात सोडायचं नाही, रंकाळ्यावर जमिनीवर ठेवायचं नाही. सगळ्या सुया होऊन दोन आठवडे जाईपर्यंत कडेवर किंवा टोपलीत फिरवायची, पण फिरवायची; लोक, गाड्या, आवाज ह्याची सवय आत्ताच लागते. दवाखान्यातही पिल्लू खाली ठेवलं की कंपाउंडर ओरडतो. पहिल्यांदा राग आला, आता मीच दुसऱ्यांना ओरडतो.

गिरण म्हटल्यावर मॅडमनी उंदरांचं विचारलं. उंदराच्या मुतातून लेप्टो नावाचा आजार होतो, कुत्र्यालाही आणि माणसालाही. २०१९ च्या पुरात आमच्याकडं गुडघाभर पाणी होतं, त्यामुळं हे पटायला वेळ लागला नाही. दुसऱ्या-तिसऱ्या सुईत तीही लस धरली. गोचिडांसाठी मेव्हण्यानं म्हशीचं औषध पाठवलं होतं, ते मॅडमनी बाटली बघूनच बाजूला ठेवायला लावलं. पिल्लाच्या वयाला आणि वजनाला बसेल तेच लावायचं.

खाण्याचा विषय निघाला तेव्हा आमची मंडळी सोबत होती. रविवारी मटण असतं, नळी कुत्र्याला जाते. नळी बंद, शिजलेलं हाड फुटून टोकदार होतं, आतडं फाडतं. कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून तांबडा रस्सा बंद. हिनं विचारलं, “पण पांढरा तर चालेल? तिखट नसतोय.” मॅडमनी हसू दाबत सांगितलं, “वहिनी, त्यातबी लसूण असतोय की.” कोल्हापुरातल्या कुत्र्याला एवढी शिक्षा!

आता वाईट. बोर्डावर संध्याकाळी ५ लिहिलंय, मॅडम येतात ६ ला. बसायला तीन खुर्च्या, आजारी कुत्री आणि सुईची पिल्लं एकाच बोळात. एवढं पार्वोचं सांगणाऱ्यांनी ह्याचा विचार करायला हवा होता. मी तर गाडीतच थांबतो, नंबर आला की फोन करायला सांगतो. पैसे मात्र रास्त: तपासणी ३००, शीची तपासणी १५०, आणि बिलावर लसीचं लेबल चिकटवून देतात.

भिंगरी आता १४ आठवड्यांची, ६ किलोच्या पुढं. शेवटची सुई पुढच्या पंधरवड्यात आहे. तुम्ही गेलात तर शी घेऊन जायला डबा जुना घ्या. मी गडबडीत मसाल्याचा घेतला होता, त्यावरनं घरात अजून ऐकतोय.