तीन फुटी लोखंडी कूलर : दोन उन्हाळे वापरून

मी माहेरची रत्नागिरीची. लग्न होऊन नागपुरात आले, त्या पहिल्या मे महिन्यात मला वाटलं, इथे घामच येत नाही, मग लोक एवढे कशाला हैराण होतात? तिसऱ्या दिवशी घोळणा फुटला. घाम येत होताच, पण कातडीवर दिसायच्या आत उडून जात होता. संध्याकाळी ब्लाउजच्या पाठीवर मिठाची पांढरी रेघ दिसायची, तेवढीच त्याची खूण. सासूबाई म्हणाल्या, "तहान लागायची वाट नको पाहू, घोट घोट पीत राहा. आणि कूलरसमोर बस."

तो जुना कूलर अठरा वर्षांनी तळातून गंजून गळायला लागला, म्हणून मागच्या मार्चमध्ये नवा घेतला. कंपनीचा प्लॅस्टिकचा नाही. इथल्याच एका कारागिराकडून पत्र्याचा बनवून घेतला. तीन फूट, तीन बाजूंना ताट्या (पंपाच्या पाण्याने ओले राहणारे जाळीचे पडदे), ८० लिटरची टाकी, स्टँडसकट साडेआठ हजार. प्लॅस्टिकचे दिसायला छान असतात, पण त्यांचा पंखा आमच्या हॉलला पुरत नाही. हे शेजारणीकडे पाहून ठरवलं.

आधी चांगलं सांगते. मागच्या मेमध्ये एका दुपारी गॅलरीत सावलीला थर्मामीटर ४४ दाखवत होता. कूलरच्या तोंडाशी धरला तर २७. हॉलच्या दुसऱ्या टोकाला, दिवाणाजवळ, ३०. मुलगा अकरावीला आहे, त्याने वहीत हिशोब मांडून दाखवला. एक लिटर पाण्याची वाफ होताना हवेतली जी उष्णता खेचली जाते, ती विजेच्या मापात साधारण पाऊण युनिटच्या जरा खाली. आमचा कूलर भर दुपारी तासाला दहाएक लिटर पाणी पितो, म्हणजे साडेसहा युनिट. दीड टनाचा एसी तासाला सव्वापाच युनिट उष्णता उपसतो. कूलरचा बराचसा गारवा उघड्या दारातून निघून जातो, तेव्हा बरोबरी पूर्ण नाही. पण वीज लागते ती एका पंख्याची आणि एका चिमुकल्या पंपाची. लाइट गेली तरी इन्व्हर्टरवर चालतो.

ही किमया कूलरची कमी आणि इथल्या कोरड्या हवेची जास्त. हे मला माझ्या भावामुळे कळलं. तो डोंबिवलीला असतो. मे महिन्यात आमच्याकडे आला, चादर पांघरून झोपला, आणि परत जाऊन हौसेने कूलर घेतला. आठ दिवसांत फोन : "ताई, पापड मऊ पडले, गादी दमट लागते, आणि घाम काही सुकत नाही." कसा सुकेल? तिथली हवा आधीच पाण्याने भरलेली, आणखी वाफ घ्यायला तिच्यात जागा फारशी उरत नाही. अंगावरचा घाम आणि ताटीवरचं पाणी, दोघांचं काम एकाच तत्त्वावर चालतं. जिथे घाम वाळत नाही तिथे कूलरही हरतो. म्हणून मुंबई, ठाणे, कोकण, गोव्याच्या मंडळींनी हे वाचून कूलर घेऊ नये, पंखाच बरा. नागपूर, अकोला, चंद्रपूरवाल्यांना मी काय सांगणार!

अजून एक, खिडकी-दार बंद करून कूलर लावणारे पाहुणे येतात तेव्हा माझा जीव जातो. कूलर खिडकीत बाहेरच्या अंगाला, आणि समोरचं दार चार बोटं तरी उघडं. आत आलेली ओली हवा बाहेर जायलाच हवी.

ताट्यांना इथे सगळे खस, म्हणजे वाळाच म्हणतात, पण असतो तो लाकडाचा बारीक कीस. पहिलं पाणी चहासारखं उतरतं, ते फेकून द्यायचं. मी मधल्या ताटीत मूठभर खरा वाळा कोंबते. त्याने गारवा वाढत नाही, पण दुपारी दोनला खोलीत पहिल्या पावसाचा वास येतो, त्यापुढे काय.

मागच्या बाजूला एक कोपरा ठिबकतो. कारागिराला सांगितलं तर म्हणाला, "ताई, थोडं तर गळतेच." खाली जुनी परात ठेवली. आता तिच्यावर चिमण्या, बुलबुल, एक खार आणि गांधीलमाश्या यांचं भांडण चालतं. साळुंकी भर उन्हात चोच उघडी टाकून धापा टाकत येते. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथीच नाहीत, तेव्हा ती धाप हाच त्यांचा कूलर. म्हणून गळती दुरुस्त करायचा नाद मी सोडला.

आता तक्रारी. पंपाला दोन पिनांचा प्लग दिला होता. लोखंडी अंग, पाणी आणि अर्थिंग नाही! पहिल्याच आठवड्यात सासूबाईंना झिणझिण्या आल्या. मी इलेक्ट्रिशियन बोलावून तीन पिनांचा प्लग लावून घेतला. त्याचे पैसे कारागिराने दिले नाहीत. कुणाकडूनही घ्या, अर्थिंग तपासल्याशिवाय पाणी भरू नका, आणि पाणी भरताना बटण नाही, प्लगच काढा.

दुसरी गोष्ट कारागिराच्या हातची नाही. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. आमच्या बोअरच्या पाण्याने महिन्याभरात ताट्या पांढऱ्या आणि कडक होतात. दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करून कडा काथ्याने घासते. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेवर भिंतीला अंडी चिकटवतो आणि ती सुकूनही महिनोन्महिने जिवंत राहतात. पाणी मिळालं की आठ-दहा दिवसांत डास तयार.

मृग लागून दोन सरी पडल्या की कूलर म्हणजे तोंडावर ओलं फडकं. तेव्हा पंप बंद आणि नुसता पंखा. सासूबाई तरी म्हणतातच, "आज कूलर काही काम करून नाही राहिला."

एकूण माझ्याकडून पाचपैकी चार. एक गुण प्लगचा कापला. मागच्या जाळीची एक कडी त्याने अजून दिलेली नाही, ती बाजू सुतळीने बांधली आहे. फोन केला की म्हणतो, "उद्या पोरगा पाठवून राहिलो ना, ताई." हा दुसरा उन्हाळा.