सुईच्या भीतीवरचे उपचार : उपयोग झाला, तक्रारीही आहेत

मी मोबाईल टॉवरवर चढून दुरुस्ती करतो. उंचीची भीती कधी वाटली नाही. पण रक्त काढायला दंडाला पट्टा आवळला की दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी आणि मी खुर्चीतून खाली. "एवढा मोठा गडी आणि..." हे ठरलेलं वाक्य ऐकतच शुद्धीवर यायचो. यापायी साखरेची तपासणीसुद्धा टाळत होतो, म्हणून बायकोने फोबियावर उपचार करणाऱ्या एका मानसशास्त्रज्ञ मॅडमची वेळ घेतली.

पहिल्या भेटीत नुसती चौकशी. कधीपासून वाटतं, काय काय टाळता, घरात आणखी कोणाला होतं का. (वडिलांना होतं. इंजेक्शन म्हटलं की तेही आडवे.) भीती सहा महिन्यांहून जास्त टिकली आणि तिच्यामुळे कामं अडायला लागली, तर त्याला फोबिया म्हणतात, असं मॅडमनी सांगितलं. कुत्रा किंवा लिफ्टला घाबरणाऱ्याचं काळीज धडधडतं, रक्तदाब चढतो, पण तो सहसा बेशुद्ध पडत नाही. रक्ताच्या आणि सुईच्या भीतीत दाब आधी चढतो आणि मग झपकन उतरतो. मेंदूला रक्त कमी पडतं, माणूस कोसळतो. म्हणजे हा नुसता भित्रेपणा नव्हे. हे एवढं कळलं तरी निम्मी लाज गेली.

त्याआधी मी एक ॲप वापरत होतो. संथ श्वास घ्या, अंग सैल सोडा, असं ते सांगायचं. मॅडमचं म्हणणं, घेरी येणाऱ्याने नेमकं त्या क्षणी अंग सैल सोडलं तर फायदा होत नाही, उलट नुकसान होऊ शकतं. त्यांनी शिकवलं ते याच्या उलटं. हात, पाय, पोट १०-१५ सेकंद आवळून धरायचं, चेहऱ्यावर ऊब जाणवली की सोडायचं, थोडं थांबून पुन्हा आवळायचं. सुई ज्या हाताला टोचणार तो मात्र ढिला ठेवायचा. ही पद्धत स्वीडनच्या लार्स-गोरान ओस्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात बसवली. रक्तदाब जास्त असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मग पायऱ्या. सिरिंजचा फोटो, व्हिडिओ, टोपण लावलेली सिरिंज हातात धरणं, दुसऱ्याचं रक्त काढताना बघणं. प्रत्येक पायरीवर भीती ० ते १०० मध्ये सांगायची आणि नजर वळवायची नाही. पळून गेलं की लगेच बरं वाटतं, आणि 'पळालो म्हणून वाचलो' हेच मेंदू शिकतो, हा त्यामागचा हिशोब. फोटोलाच मी ७० सांगितले होते. मॅडम हसल्या नाहीत, हे मला फार मोठं वाटलं.

आता तक्रारी. सत्र पाऊण तासाचं. सिरिंज हातात असताना आकडा ८०च्या आसपास होता आणि वेळ संपली. ताणात असतानाच उठावं लागलं, हे मला पटलं नाही. मी स्पष्ट बोललो, तेव्हा पुढच्या वेळी दीड तास दिला. मग तो आधीच का देऊ नये? दुसरी तक्रार गृहपाठाची. मधल्या पायऱ्या ओलांडून एकदम शस्त्रक्रियेचा व्हिडिओ पाठवला, तोही न सांगता. त्या रात्री जेवण गेलं नाही.

शेवटी रक्त दिलं. पडलो नाही. भीती अजून आहे, पण खुर्चीत बसतो आणि पाय आवळून धरतो. 'भीती मुळापासून जाईल' अशी हमी त्यांनी एकदाही दिली नाही, आणि मला तेच प्रामाणिक वाटलं. सुईमुळे तपासण्या टाळणाऱ्यांनी जरूर जावं, फक्त वेळ घेतानाच लांब सत्र मागून घ्या, आणि घरी बघायचे व्हिडिओ आधी सांगूनच पाठवा म्हणावं.