पडीक लिहिलेल्या माळाचं मोल करून घेताना: सीबीएसजवळच्या मूल्यांकनकाराचा अनुभव

सिन्नर तालुक्यातला आमचा साडेतीन एकराचा माळ रस्त्यासाठी गेला. मोबदला ठरवणाऱ्या सरकारी निवाड्यात 'पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन), पडीक' म्हणून रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी दरपत्रकातला, तळचा दर लागला आणि झाडांच्या रकान्यात 'झाडोरा किरकोळ' एवढंच. सात-बारावर पोटखराबा आहे, ते मला मान्य आहे. पण 1972च्या दुष्काळात सासऱ्यांनी याच माळावरच्या हिवराच्या शेंगांवर शेळ्या जगवल्या. आज माझ्या 22 शेळ्या तिथंच चरतात.

भावकीतल्या एकांनी नाशिकला सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ बसणाऱ्या एका खासगी मूल्यांकनकाराकडे धाडलं. सरांनी कागद पाहिले आणि आधी तारीख विचारली. निवाड्याच्या वेळी मी हजर होते, त्यामुळे 2013च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 64 खालचा, मोबदल्यावर हरकत घेण्याचा अर्ज 6 आठवड्यांच्या आत जायला हवा होता. माझ्या हातात 11 दिवस उरले होते. "पैसे उचला, पण हरकत राखून उचलतोय असं लेखी द्या. नाहीतर पुढं दादच मागता येणार नाही," हेही त्यांनीच सांगितलं. तोवर मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

भाद्रपदात ते स्वतः माळावर आले. एक मीटरची लोखंडी चौकट दहा ठिकाणी टाकली, आतलं गवत विळ्यानं कापलं, काट्यावर तोललं. पवना, मारवेल ही चांगल्या चाऱ्याची गवतं वेगळी, हलकी कुसळी वेगळी. वरच्या अंगाला नुसती कुसळी आणि तरवडाची झुडपं आहेत, ओघळीकडे मारवेल अजून तग धरून आहे. मी म्हटलं, सर, ओघळीकडेच टाका की चौकट. ते म्हणाले, "ताई, गवत नाही तिथंही पडू द्या. उलटतपासणीत पहिलं तेच विचारतील." तेव्हा वाईट वाटलं, पण माणूस खरा आहे हे पटलं. अहवालात माळाची चराई जास्त झालीय, कस उतरलाय, हे स्वच्छ लिहिलंय. त्याच्याच खाली वाळल्या चाऱ्याचं वजन आहे, 9 हिवर आणि 4 बोरी बुंध्याच्या घेरासकट मोजल्या आहेत. झाडांचं मोल जमिनीहून वेगळं धरावं लागतं.

शेजारच्या गावांतली तीन वर्षांची खरेदीखतंही त्यांनी काढली. तशाच जमिनींच्या खतांपैकी जास्त भावाची निम्मी घेऊन सरासरी काढायची असं कायद्यात आहे. ती रेडी रेकनरपेक्षा जास्त निघाली तर तीच धरायची. आमची जास्त निघाली.

आता तक्रार. 15 दिवसांत देतो म्हणालेला अहवाल दोन महिन्यांनी मिळाला, फोन दहादा केला तर एकदा उचलतात. पहिल्या प्रतीत गट नंबर चुकला होता, तो मी पकडला. बदलून दिला, जादा पैसे घेतले नाहीत, पण कोर्टात गेला असता तर? फी 18,000 रुपये, पावतीसकट. वाढीव मोबदल्यात टक्का मागितला नाही. आधी दोघांनी मागितला होता.

पाचपैकी चार. प्रकरण अजून चालू आहे. जाताना सात-बारा, फेरफार, निवाड्याची नक्कल आणि पंचनामा सोबत न्या, आणि पावसाळ्यानंतर गवत उभं असतानाच त्यांना माळावर बोलवा.